केगावचं ग्रंथालय, अक्कलकोट रोडचे मित्र

सोलापुरात कार्यक्रमाला माणसं जमत नाहीत, अशी तक्रार सहसा ऐकू येत नाही. हिराचंद नेमचंद वाचनालयाचं किर्लोस्कर सभागृह, त्याच वाचनालयाचं अ‍ॅम्फी थिएटर, शिवछत्रपती रंगभवन, हुतात्मा स्मृती मंदिर. संध्याकाळ झाली की कुठे ना कुठे प्रकाशन, व्याख्यान, काव्यवाचन चालू असतं. वि. स. खांडेकरांच्या अध्यक्षतेखाली १९४१ चं मराठी साहित्य संमेलन इथंच झालं आणि २००६ चं ७९ वं अखिल भारतीय संमेलनही इथंच. त्याचे अध्यक्ष मारुती चितमपल्ली तर याच गावात, पद्मशाली घरात जन्मलेले. ऐकायला येणाऱ्यांची, बोलायला बोलावणाऱ्यांची आणि वर्गणी काढणाऱ्यांची या गावाला कधी वाण पडली नाही. मग शहरातलं सर्वांत तरुण मोठं ग्रंथालय, म्हणजे विद्यापीठाचं, या गर्दीपासून लांब का वाटतं?

पहिलं कारण नकाशावर दिसतं. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झालं, एकाच जिल्ह्यापुरतं. त्याआधी इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. २०१९ मध्ये त्याचं नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं. विद्यापीठ आहे केगावला, पुणे महामार्गावर. अक्कलकोट रोड एमआयडीसी बरोबर उलट्या टोकाला. मध्ये सगळं शहर. एका टोकाला प्रबंध लिहिले जातात, दुसऱ्या टोकाला चादरी आणि टॉवेल विणले जातात, कॅमशाफ्ट ओतले जातात. अक्कलकोट रोडवरून रोज हजारो माणसं जातात, पण ती कारखान्याला, कुंभारीला नाहीतर स्वामींच्या दर्शनाला. केगावच्या ग्रंथालयाला जाण्याचं त्यांना कारणच नाही.

दुसरं कारण अधिक खोलातलं आहे, आणि ते एकट्या सोलापूरला लागू नाही. सार्वजनिक वाचनालयाला सभासद असतो. तो वर्गणी भरतो, कार्यकारिणी निवडतो, वार्षिक सभेत भांडतो, ‘नवी पुस्तकं का नाहीत’ म्हणून चिडतो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानं या वाचनालयांना वर्ग दिले, अनुदान दिलं. पण वाचनालय चाललं ते या कटकट्या सभासदाच्या जिवावर. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला असा सभासद नाही. तिथे विद्यार्थी असतो, आणि तो दोन-तीन वर्षांत पदवी घेऊन ना-देय दाखल्यावर सही मिळवून निघून जातो. ग्रंथालयाशी त्याचा शेवटचा संबंध म्हणजे ती सही. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं ग्रंथालयाला ज्ञानस्रोत केंद्र म्हटलं, त्याला संचालक दिला, आजीवन अध्ययन आणि विस्तार यांसाठी वेगळं मंडळही दिलं. पण गावातला एखादा माणूस ‘हे माझं ग्रंथालय’ कशाच्या जोरावर म्हणेल, याचं उत्तर कायद्यात नाही. ते कायद्याचं कामही नव्हे.

जगातल्या जुन्या ग्रंथालयांनी ही उणीव मित्रमंडळं काढून भरली. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या मित्रांची संस्था १९१३ ची. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाचं मित्रमंडळ १९२५ चं. यांच्याकडे आपण व्याख्यानं आणि चहापानाचे कार्यक्रम करणारी हौशी मंडळी म्हणून बघतो, पण ऑक्सफर्डच्या मंडळामागे एक प्रकरण घडून गेलेलं होतं आणि ते कळल्याशिवाय अशा मंडळाचं खरं काम कळत नाही.

शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला संग्रह १६२३ मध्ये छापला गेला, तेव्हा त्याची एक प्रत बॉडलियनकडे आली होती. पुढे १६६४ ला नवी आवृत्ती निघाली. नवी आहे तर जुनी कशाला, अशा व्यवहारी विचारानं ती पहिली प्रत ग्रंथालयातून बाहेर गेली. म्हणजे रद्दीत काढली म्हणा ना! अडीचशे वर्षं तिचा पत्ता नव्हता. १९०५ मध्ये ग्लॅडविन टर्बट नावाचा एक विद्यार्थी घरातलं जुनं पुस्तक बगलेत मारून ग्रंथालयात आला. बांधणी खराब झाली आहे, काय करावं, एवढंच त्याला विचारायचं होतं. ग्रंथालयातल्या जाणत्यांनी बांधणी न्याहाळली आणि ओळखली. आपल्याच घरची प्रत! एव्हाना अमेरिकेतल्या हेन्री फोल्जर या संग्राहकानं तिच्यावर तीन हजार पौंडांची बोली लावली. टर्बट कुटुंबानं ग्रंथालयाला तेवढी रक्कम उभी करायला मुदत दिली. ग्रंथालयाकडे पैसा कुठला? ग्रंथपालानं जाहीर आवाहन केलं, माजी विद्यार्थ्यांपुढे हात पसरला, लोकांनी आपापल्या ऐपतीनं वर्गणी दिली आणि १९०६ मध्ये ती प्रत परत घरी आली.

ग्रंथालयाचा मित्र दोन कामं करतो, असं या प्रकरणावरून दिसतं. तो ग्रंथालयात नसलेली वस्तू घरातून उचलून आणतो, आणि ग्रंथालयाला परवडत नाही तेव्हा खिशात हात घालतो. बाकीचं सगळं, म्हणजे भाषणं, प्रदर्शनं, जुन्या पुस्तकांची विक्री, लेखकाशी गप्पा, या दोन कामांसाठी माणसं जमवण्याचा बहाणा असतो. बहाणा चांगलाच असावा, पण तोच उद्देश होऊन बसला की मंडळाचा क्लब होतो.

केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयानं या शतकाच्या पहिल्या दशकात विद्यार्थ्यांसाठी ‘रोज पारितोषिक’ नावाची स्पर्धा सुरू केली. त्यात स्वतः जमवलेला पुस्तकसंग्रह मांडायचा असतो. संग्रह महागडा नको, एका धाग्यानं गुंफलेला हवा. विजेत्याला रोख रकमेबरोबर ग्रंथालयाच्या मित्रमंडळाचं दहा वर्षांचं सभासदत्व मिळतं. यातली हुशारी त्या दहा वर्षांत आहे. पदवी घेऊन उडून जाणाऱ्या पाखराला ग्रंथालयानं अशी दोरी बांधली.

आपल्याकडे काय होतं? मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आईच्या नावानं मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. पुढच्याच वर्षी शेअरबाजार कोसळला, ते स्वतः धुळीला मिळाले, तरी १८७८ ला मनोरा पुरा झाला. दान थोर, यात वादच नाही. पण ते एका धनिकाचं दान होतं. आपल्या विद्यापीठांची ग्रंथालयं बहुधा याच साच्यात अडकली: एक दाता, एक कोनशिला, एक तैलचित्र. पाच रुपयांचा दाता आपण सार्वजनिक वाचनालयाला ठेवला, विद्यापीठाला नाही. याला ठळक अपवाद मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा. ते विद्यापीठ नव्हे, पण त्यांनी ‘पुस्तक दत्तक घ्या’ ही योजना चालवली. जीर्ण झालेल्या एका ग्रंथाच्या डागडुजीचा खर्च एका वाचकानं उचलायचा. सामान्य माणसाला झेपेल असं दान.

मराठी राजाच्या राज्यात मात्र याहून पुढचा प्रयोग झाला होता. बडोदे संस्थानात मोतीभाई अमीन या शिक्षकानं १९०६ च्या सुमारास गावोगाव वाचनालयं काढायला सुरुवात केली. त्यांचं नावच मुळी मित्रमंडळ पुस्तकालयं. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून सरकारी ग्रंथालय खातं उभारलं, पेट्यांमधून खेड्यापाड्यांत फिरती पुस्तकं पाठवली, आणि जिथे वाचता येत नाही तिथे मॅजिक लँटर्नचे खेळ लावले. ‘कार्यक्रम’ हा शब्द आपण आज जितक्या सैलपणे वापरतो, तितका तो तिथे सैल नव्हता. पडद्यावरचं चित्र पाहायला आलेला माणूस पुस्तकाच्या पेटीपर्यंत पोचावा, असा त्यामागचा हिशेब होता. त्याच चालीवर नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातून पेट्या फिरवल्या, त्या महाराष्ट्राबाहेर आणि परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत गेल्या. पेटी एका वाचकगटाकडे येते, काही महिन्यांनी दुसरीशी बदलते. या पेटीला इमारत लागत नाही, पण ती घरी ठेवून घेणारा आणि वेळेवर पुढे सरकवणारा मित्र लागतो.

आता अक्कलकोट रोडवर येऊ.

सोलापुरी चादरीची नक्षी यंत्रमागावर जकार्डनं उठते. कार्डांचं जकार्ड कसं चालतं ते ज्यानं जवळून पाहिलं नाही, त्याच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. आधी नक्षी चौकटीच्या कागदावर काढतात. एकेक बारीक चौकोन म्हणजे ताण्याचा एक धागा आणि बाण्याची एक फेक यांची गाठ. कुठला चौकोन रंगवायचा, कुठला कोरा ठेवायचा, हे नक्षीकार ठरवतो. मोराची मान एक चौकोन इकडे सरकली की बदक होतं. त्या कागदावरून पुठ्ठ्याची कार्डं टोचली जातात, बाण्याच्या एकेका फेकीला एक. भोक असेल तिथे आकडा उचलला जातो आणि त्याच्याबरोबर ताण्याचा धागा. भोक नसेल तिथे धागा जागीच. अशी शेकडो कार्डं दोरीनं ओवून माळ करतात आणि ती मागाच्या डोक्यावर फिरत राहते. खाली धोटा पळतो, वर पुठ्ठे वाचले जातात. फ्रान्समध्ये लिऑनच्या जाकारनं १८०४ च्या सुमारास बसवलेली ही युक्ती पुढे चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणकयंत्रासाठी उचलली, आणि संगणकाच्या सुरुवातीच्या काळातली टोचलेली कार्डं तिचीच वंशज.

म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागात आणि अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये गेली कित्येक दशकं लिहिण्याची आणि वाचण्याची एक लिपी चालू होती. इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं, नक्षी पेनड्राइव्हवर गेली, आणि पुठ्ठ्याच्या माळा रद्दीच्या भावानं जायला लागल्या. चौकटीचे कागद त्यांच्याही आधी. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. मानांकन नावाचं रक्षण करतं, कागदांचं करत नाही. इतर विद्यापीठांच्या ग्रंथालयात ताडपत्रं आणि पोथ्या असतात. सोलापूरच्या विद्यापीठाची दुर्मिळ हस्तलिखितं ही आहेत, आणि ती केगावच्या कपाटात नव्हे, एमआयडीसीतल्या पोटमाळ्यांवर धूळ खात आहेत. ऑक्सफर्डला एका विद्यार्थ्यानं बगलेतून पुस्तक आणलं. इथे एखाद्या मागवाल्याच्या नातवानं पुठ्ठ्यांची माळ आणली, तर ती ओळखणारं आणि पावती देऊन ठेवून घेणारं कुणीतरी तिथे बसलेलं हवं. मित्रमंडळाचा पहिला कार्यक्रम मी हाच करीन: अक्कलकोट रोडच्या एखाद्या शेडमध्ये, सुट्टीच्या दिवशी, ‘घरातला कागद घेऊन या’. नक्षीचे कागद, मजुरीच्या वह्या, गिरणीची हजेरीकार्डं, चादरीवर शिवायची जुनी लेबलं. तिथल्या तिथे फोटो काढायचा, नाव-गाव टिपायचं, द्यायचं असेल तर घ्यायचं, नसेल तर परत करायचं. अध्यक्ष नको, दीपप्रज्वलन नको.

या वह्यांतली भाषाही एक नसेल. गिरण्या आणि माग यांच्या आशेनं निजामाच्या तेलंगणातून पद्मशाली विणकर इथे आले. १८७७ ला सुरू झालेली जुनी गिरणी, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी; गावात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू शेजारी शेजारी नांदल्या. घरात तेलुगू, शाळेत मराठी अशा मुलांमधून लेखकही निघाले. डॉ. लक्ष्मीनारायण बोल्ली यांनी तेलुगू आणि मराठी यांच्यामध्ये आयुष्यभर ये-जा केली आणि आत्मकथनाला नाव दिलं ‘एका साळियाने’. चितमपल्लींनी पक्षिकोश रचला, त्यामागे आदिवासी, फासेपारधी, वनमजूर यांच्या तोंडचे शब्द गोळा करण्याची सवय होती. असे दोघे ज्या वस्तीनं दिले, त्या वस्तीत ग्रंथालयानं फक्त मराठीत भाषण ठेवावं आणि ‘प्रतिसाद नाही’ म्हणावं, हे काही बरोबर नाही.

रस्त्याच्या पुढे कुंभारी. विडी कामगार महिलांसाठीची गोदूताई परुळेकर वसाहत, दहा हजार घरांची, २००६ मध्ये उभी राहिली. शेजारी रे नगर. तीस हजार घरांच्या त्या प्रकल्पातली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते वाटली गेली. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, फेरीवाले, कचरावेचक, चालक यांचं हे गाव. एखाद्या तालुक्याच्या ठिकाणाला मागे टाकील एवढी वस्ती, एमआयडीसीच्या पलीकडे, आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाशी तिचं नातं काय?

विडी आणि वाचन यांचं नातं मात्र जुनं आहे. क्यूबात हवानाच्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून कामगारांनी आपल्या मजुरीतून पैसे काढून वाचक नेमला. तो उंच बैठकीवर बसून सकाळी वर्तमानपत्र आणि दुपारी कादंबरी वाचायचा, खाली हात सिगार वळत असायचे. केरळात कण्णूरच्या विडी शेडमध्येही हीच रीत होती. दिनेश विडी ही १९६९ ची कामगारांची सहकारी संस्था, तिच्या शेडमध्ये पेपर मोठ्यानं वाचला जाई आणि त्यावर वाद रंगत. सोलापुरात हे का झालं नाही? कारण इथली बाई पानं आणि तंबाखू कारखान्यातून घेते, घरी बसून विड्या वळते आणि मोजून परत देते. मजुरीचा हिशेब हजारावर, आणि नाकारलेल्या विड्यांची छाट निघाली की तिचं नुकसान. ती शेडमध्ये नाही, घरात एकटी आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये माणसं एकत्र आहेत, पण खडखडाटात स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून तिथे वाचून दाखवायचं तर पाळी सुटल्यावर, आणि विडीवालीसाठी गल्लीच्या ओट्यावर, जिथे सुपं घेऊन चार जणी बसतातच. विद्यापीठाच्या मराठी, कन्नड, उर्दू विभागातला एखादा चांगल्या आवाजाचा विद्यार्थी आठवड्यातून एक तास तिथे बसला आणि कादंबरीचं एकेक प्रकरण वाचत गेला, तर त्याला मी मित्रमंडळाचा कार्यक्रम म्हणेन. त्याचा फ्लेक्स लावण्याची गरज नाही.

हे सगळं स्वप्नरंजन आहे, असं म्हणणाऱ्यांना अक्कलकोट रोड एमआयडीसीतलाच एक दाखला देता येतो. गाड्यांच्या इंजिनाचे कॅमशाफ्ट बनवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही १९९२ ची कंपनी, तिचा नोंदणीकृत पत्ता इथलाच. तिच्या फाउंडेशनच्या ‘प्रिसिजन गप्पा’ सोलापूरकरांच्या कॅलेंडरात बसल्या आहेत, आणि वाचन अभियानही ते चालवतात. म्हणजे ओतकाम आणि यंत्रकाम करणारा कारखाना पुस्तकांसाठी माणसं जमवू शकतो, हे सिद्ध झालेलं आहे. कंपनीच्या कार्यक्रमाची मर्यादा एवढीच की तो संपल्यावर पुस्तक, ध्वनिमुद्रण, प्रश्नोत्तरं यांना कायमचं घर लागतं. ते घर ग्रंथालयाकडे आहे. एकाकडे मांडव, दुसऱ्याकडे कोठी. यांची सोयरीक जुळवायला मध्यस्थच लागतो. मित्रमंडळ म्हणजे तो मध्यस्थ.

एका गोष्टीची धास्ती मात्र वाटते. आपल्याकडे मंडळ निघालं की कार्यकारिणी निघते, कार्यकारिणीतून पदाधिकारी, आणि पदाधिकाऱ्यांतून सत्कार. शाल, श्रीफळ, स्वागतपर, प्रास्ताविक, परिचय. पाहुणा बोलायला उठेपर्यंत मागच्या तीन रांगा रिकाम्या. वाचन प्रेरणा दिन १५ ऑक्टोबरला येतो आणि फुलं वाहिलेली पुस्तकांची चळत, तिचा फोटो आणि अहवालातली ओळ एवढं ठेवून जातो. विद्यापीठात तर मूल्यांकनाच्या फायलीसाठी कार्यक्रमाचा पुरावा लागतो, त्यामुळे फोटो आधी आणि कार्यक्रम नंतर अशी पाळी येते. या वाटेनं जाणारं मित्रमंडळ नसलेलंच बरं. माझी कसोटी सोपी आहे: कार्यक्रमानंतर ग्रंथालयात आधी नसलेली एक तरी वस्तू आली का, आणि आधी न आलेलं एक तरी माणूस आलं का? दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर तो खर्च पुस्तकांवर करावा.

सुरुवातीला लागणार तरी काय? माजी विद्यार्थ्यांसाठी आणि गावकऱ्यांसाठी माफक वर्गणीचं सभासदत्व, ज्यावर ग्रंथालयात बसून वाचता यावं. अक्कलकोट रोडला महिन्यातून एक दिवस येणारी पुस्तकांची पेटी. तेलुगू आणि उर्दू जाणणारे दोन स्वयंसेवक. आणि घरचा कागद स्वीकारायची एक छापील पावती, ज्यावर देणाऱ्याचं नाव ठळक असेल. विद्यापीठानं मनावर घेतलं तर एका बैठकीत ठरण्यासारखं आहे.

तोवर हे वाचणाऱ्या सोलापूरकरांना, आणि सोलापूर सोडून पुण्या-मुंबईला गेलेल्यांनाही, एक विनंती. या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर नक्षीचे चौकटीचे कागद, जकार्डची कार्डं, आजोबांच्या मजुरीच्या वह्या किंवा गिरणीचं हजेरीकार्ड सापडलं, तर रद्दीवाल्याला हाक मारू नका. कुणाचं, कुठल्या मागावरचं, साधारण कधीचं, हे एका चिठ्ठीवर लिहून ती त्यात घाला आणि गठ्ठा कोरड्या जागी ठेवा. मग केगावला जाऊन ग्रंथपालांना विचारा, हे कुठे द्यायचं? दहा जणांनी विचारलं की अकराव्यासाठी टेबल मांडावंच लागेल.